हात बसायला वेळ लागतो

मराठीत आपण ‘हात बसला’ म्हणतो. कानडीत अशाच हाताला ‘पळगिद कै’ म्हणतात. पळगणे म्हणजे माणसाळणे, सरावणे. मराठीतला हात जागेवर बसतो, कानडीतला हात माणसाळतो. दोन्ही भाषांना एक गोष्ट मात्र पक्की ठाऊक आहे, की हे काम एका दिवसात होत नाही.

आपल्या सीमाभागात उद्यमबागेतील लेथ आणि फाउंड्री, वडगाव-खासबागेतील यंत्रमाग, खेड्यांतील ट्रॅक्टर आणि घराघरांतील शिलाई मशीन यांवर हजारो कुटुंबांचे पोट चालते. तरीही माणूस यंत्र चालवायला शिकतो कसा, याचा विचार आपण क्वचितच करतो. मुलाला गणितात किती गुण पडले हे शेजारणीलाही ठाऊक असते. पण कारखान्यात जाणाऱ्या मुलाचा हात मशीनवर बसला की नाही, हे त्याच्या घरच्यांनाही माहीत नसते.

मी महाविद्यालयात मानसशास्त्र शिकवतो. कौशल्य माणसाच्या अंगी कसे येते, यावर आमच्या अभ्यासक्रमात एक प्रकरण आहे. माझे काका पस्तीस वर्षे उद्यमबागेत टर्नर होते. त्या प्रकरणातले बरेचसे मी त्यांच्या तोंडून आधीच ऐकले होते, फक्त त्याला इंग्रजी नावे नव्हती. आज हे लिहायचे निमित्त माझा भाचा आहे. आयटीआय करून तो एका कारखान्यात लागला आणि सहा-सात महिन्यांनी “मला काही हे जमणार नाही” असे म्हणू लागला. अशी मुले आज अनेक घरांत आहेत. घरचेही “जाऊ दे, दुसरे काहीतरी बघ” असे सहज म्हणून टाकतात. ते म्हणण्यापूर्वी थोडे थांबून पाहावे, एवढ्यासाठी हा लेख.

आधी कागदावर शिलाई

सुरुवात घरातल्याच यंत्रापासून करू. शिवणाच्या क्लासमध्ये पहिल्या दिवशी कोणी कापड हातात देत नाही. सुईत दोरा न ओवता नुसते पायडल मारायला लावतात. मग कागदावर रेघा आखून त्यांवरून सुई चालवायची. आधी सरळ रेघ, मग कोपरा, मग गोल. टाच आणि चवडा यांचा ताल जमला नाही तर चाक उलटे फिरते. दोरा ओवलेला असेल तर तो गुंततो किंवा तुटतो. नव्या मुलीचे डोळे कधी पायाकडे, कधी सुईकडे, कधी हाताकडे धावत असतात. दहा-पंधरा दिवसांनी पाय आपला आपण चालू लागतो. वर्षभराने तीच मुलगी ब्लाऊजची बाही जोडता जोडता शेजारणीशी गप्पा मारते.

पॉल फिट्स आणि मायकेल पोस्नर या अमेरिकन मानसशास्त्रज्ञांनी १९६७ साली या प्रवासाचे तीन टप्पे सांगितले. पहिला टप्पा समजून घेण्याचा. त्यात माणूस मनातल्या मनात सूचना म्हणत काम करतो आणि लवकर थकतो. दुसरा टप्पा जुळवाजुळवीचा. चुका कमी होतात, एका हालचालीतून दुसरी निघू लागते. तिसरा टप्पा आपोआप होण्याचा. हात काम करतो आणि मन मोकळे राहते.

हे मोकळे झालेले मन फार मोलाचे आहे. बाही जोडताना कापड ताणले जात आहे का, सुई बोथट झाली आहे का, हे त्याच मनाला कळते. पायडलकडे लक्ष असेपर्यंत कापडाकडे लक्ष जात नाही. म्हणून कुशल कारागीर म्हणजे नुसता वेगवान कारागीर नव्हे. ज्याला यंत्र काय म्हणते आहे ते ऐकायला सवड मिळाली, तो कुशल.

एकाच शब्दात दोन धडे

काकांचे मेस्त्री कानडी बोलणारे होते. पहिल्या काही आठवड्यांत त्यांनी काकांना दोनच शब्द पुन्हा पुन्हा ऐकवले : ‘नोडु’ आणि ‘केळु’. नोडु म्हणजे बघ. केळु या शब्दाची गंमत आपल्या दुभाषी घरांत सगळ्यांना ठाऊक आहे. त्याचा अर्थ ‘ऐक’ असाही होतो आणि ‘विचार’ असाही. काका म्हणत, “मशीनचं ऐकायचं आणि कळलं नाही तर मेस्त्रीला विचारायचं. दोन्ही एकाच शब्दात बसलं की!”

लेथवर ऐकायचे तरी काय? चकमध्ये बांधलेला लोखंडाचा तुकडा गरगर फिरतो आणि टूल त्याला कातते, तेव्हा एक सलग, एकसुरी आवाज येतो. टूल जास्त बाहेर काढून बांधले असेल, काम नीट आवळलेले नसेल किंवा लांब तुकड्याला दुसऱ्या टोकाला आधार नसेल, तर तोच आवाज किरकिरतो. कारखान्यात याला ‘चॅटर’ म्हणतात. आवाज बदलल्यावर पृष्ठभागावर बारीक लाटा उमटतात. नवशिक्याला त्या लाटा काम संपल्यावर दिसतात. जुना टर्नर त्या उमटायच्या आत हात मागे घेतो.

डोळ्यांचे कामही वेगळे असते. बीड कातले की भुगा किंवा बारीक तुकडे पडतात, माइल्ड स्टीलची लांब वळवळती चिप निघते. हायस्पीड स्टीलच्या टूलखालून येणारी चिप निळी पडू लागली तर उष्णता वाढली असे समजून काका वेग कमी करत किंवा कूलंटकडे बघत. कार्बाइडच्या टूलवर मात्र निळी चिप नेहमीचीच. म्हणजे ‘निळी चिप वाईट’ असा नियम पाठ करून भागत नाही, ती कोणत्या टूलखालून आली हेही बघावे लागते.

बोटांनाही शिक्षण लागते. हँडव्हीलला थोडी ढिलाई असते. उलट फिरवल्यावर चाक जरासे रिकामेच फिरते आणि मग टूल हलते. म्हणून चुकून पुढे गेलेले टूल नुसते खुणेपर्यंत मागे आणून चालत नाही. खुणेच्या बरेच मागे न्यायचे आणि पुन्हा पुढे आणत खुणेवर थांबायचे. ही गोष्ट सांगायला अर्धा मिनिट पुरतो, हाताला सवय लागायला काही महिने.

तापलेले काम हा असाच एक धडा. ५० मिलिमीटर व्यासाचा पोलादी तुकडा कातताना ३० अंशांनी तापला तर त्याचा व्यास सुमारे ०.०१८ मिलिमीटरने वाढतो. मायक्रोमीटरचा एक भाग ०.०१ मिलिमीटरचा असतो, म्हणजे ही वाढ जवळजवळ दोन भागांची झाली. गरम असतानाच मापून ‘बरोबर आहे’ म्हटलेला तुकडा थंड झाल्यावर कमी भरतो. काका मापण्यापूर्वी, मशीन थांबवून, तुकड्यावर बोटांची मागची बाजू टेकवत. मी त्यांना कारण विचारले तेव्हा ते म्हणाले, “ताप बघतोय. तुझी आई तुझ्या कपाळाला हात लावत नव्हती?”

या सगळ्याच्या आधी शिकायचा धडा जिवाचा. चकची चावी चकमध्ये विसरायची नाही, कारण मशीन सुरू होताच ती गोळीसारखी उडते. फिरत्या कामाजवळ हातमोजे, सैल बाही, अंगठी नको. चिप हाताने ओढायची नाही, आकडीने काढायची. सवय चांगल्या गोष्टीची लागते तशी वाईट गोष्टीचीही लागते, आणि बसलेली वाईट सवय काढणे नवी लावण्यापेक्षा कठीण. म्हणून हे नियम पहिल्याच दिवशी हातात उतरले पाहिजेत.

चढणीनंतरचे पठार

आता भाच्याच्या तक्रारीकडे वळतो. पहिले तीन महिने तो खुशीत होता. रोज काहीतरी नवे जमत होते. मग अचानक गाडी थांबली. तो मला म्हणाला, “मामा, दोन महिने झाले, दिवसाला तेवढेच पीस निघतात. रिजेक्शनही तेवढंच. माझं शिकणंच संपलं वाटतं.”

या प्रश्नाचा अभ्यास शंभराहून अधिक वर्षांपूर्वी झालेला आहे. अमेरिकेतील इंडियाना राज्यात विल्यम ब्रायन आणि नोबल हार्टर या दोघांनी तारयंत्र चालवणाऱ्यांची प्रगती मोजली आणि १८९७ व १८९९ साली निष्कर्ष छापले. तार पाठवण्याचा वेग हळूहळू वाढत जाई. तार ऐकून उतरवून घेण्याचा वेग मात्र काही काळ वाढे, मग कित्येक आठवडे जागच्या जागी राही आणि नंतर पुन्हा वर चढे. आलेख काढला की डोंगरावरच्या पठारासारखा दिसे. त्यांनी अर्थ लावला तो असा : शिकाऊ माणूस आधी एकेक अक्षर ऐकतो, मग अख्खा शब्द ऐकू लागतो, मग वाक्याचा तुकडा. अक्षरे पूर्ण अंगवळणी पडल्याशिवाय शब्द एकदम ऐकू येत नाही. पठारावर बाहेरून काही घडताना दिसत नाही, पण आतमध्ये अक्षरे मुरत असतात.

पुढील संशोधकांनी असे पठार प्रत्येकाला आणि प्रत्येक कामात येतेच असे नाही, हेही दाखवले. पण ज्याला ते येते, त्याला शिकणे संपल्यासारखे वाटते हे खरे. आणि बरीच मुले मशीन सोडतात ती नेमकी या टप्प्यावर.

मी भाच्याला काकांकडे नेले. काकांनी आलेख वगैरे काही काढला नाही. त्यांनी एवढेच विचारले, “पीस तेवढेच निघतात होय? आणि संध्याकाळी दमतोस किती?”

“आधी फार दमत होतो, आजोबा. आता एवढं नाही.”

“आणि काम करतेवेळी आता आणखी काय करुलास? शेजारच्या मशीनचा आवाज कानावर येतो की नाही?”

भाचा जरा विचार करून म्हणाला, “येतो. परवा शेजारच्याचं टूल गेलेलं मला त्याच्या आधी कळलं.”

“मग शिकणं कुठं संपलं? कान उघडले की रे तुझे!”

पीस मोजून जी प्रगती दिसत नव्हती, ती थकव्यात आणि कानात दिसत होती. मानसशास्त्राचा प्राध्यापक म्हणून मला हे उत्तर फार आवडले. प्रगती एकाच मापाने मोजू नये. पिसांची संख्या तीच राहिली, पण दमणूक कमी झाली, लक्ष मोकळे झाले, चूक लवकर लक्षात येऊ लागली, तर माणूस पुढेच गेलेला असतो.

रोज थोडे, पण रोज

सरावाबद्दलही आपल्याकडे एक समज आहे, की जितके तास जास्त तितके चांगले. ब्रिटनच्या टपाल खात्यात पत्रांच्या यांत्रिक वर्गीकरणासाठी पोस्टमनना कळफलक चालवायला शिकवायचे होते. अ‍ॅलन बॅडले आणि लाँगमन यांनी १९७८ साली त्यावरचा अभ्यास प्रसिद्ध केला. काहींना दिवसाला एकच तास शिकवले, काहींना दोन तास, तर काहींना दोन-दोन तासांची दोन सत्रे. दिवसाला एक तास शिकणाऱ्यांनी कळफलक सुमारे ३५ तासांत आत्मसात केला. चार तास शिकणाऱ्यांना सुमारे ५० तास लागले.

गंमत पुढेच आहे. कमी तासांत शिकलेले हे लोकच आपल्या वेळापत्रकावर सर्वांत नाराज होते. कारण तास कमी लागले तरी दिवस जास्त लागले, आणि चार तासांची मंडळी आपल्यापुढे गेली असे त्यांना वाटत होते. म्हणजे जी पद्धत मनाला बरी वाटते ती हाताला बरी असतेच असे नाही. आपल्या उत्तर कर्नाटकी कानडीत आणि मराठीतही ‘सावकाश’ हा एकच शब्द चालतो. नवशिक्याला दोन्ही भाषांत तोच सांगावा.

दुसरा अभ्यास इंग्लंडमधील क्रॉसमन यांचा, १९५९ सालचा. सिगार बनवणाऱ्या यंत्रावरील कामगारांचा वेग त्यांनी पाहिला. लाखो सिगार झाल्यानंतरही, दोन वर्षांनंतरही, हात थोडाथोडा सुधारतच होता. शेवटी मर्यादा आली ती यंत्राच्या वेगाची, माणसाच्या हाताची नव्हे. सहा महिन्यांत निकाल मागणाऱ्या आई-वडिलांनी हा अभ्यास लक्षात ठेवावा.

शिकवणाराही शिकलेला हवा

एकट्या सरावाने मात्र हात बसत नाही, चुकीचाही बसतो. भाच्याच्या पहिल्या कारखान्यात त्याला महिनाभर झाडलोट करायला लावली आणि मग एकदम मशीनवर उभे केले. चूक झाली की ओरडा मिळे, पण काय चुकले ते कोणी सांगत नसे. असे शिकणे म्हणजे अंधारात दगड मारणे. दगड कुठे पडला हे कळले तरच पुढचा नेम सुधारतो.

दुसऱ्या महायुद्धाच्या काळात, १९४० ते १९४५ या वर्षांत, अमेरिकेतील कारखान्यांत नवख्या माणसांना झटपट तयार करायची गरज पडली. तेव्हा मुकादमांना चार पायऱ्या शिकवल्या गेल्या : शिकणाऱ्याची भीती घालवून त्याला तयार करा, काम करून दाखवा आणि का ते सांगा, त्याच्याकडून करून घ्या, करता करता त्याला बोलायला लावा, मग त्याला एकटे सोडा, पण अधूनमधून जाऊन पाहा. चौथी पायरी आपल्याकडे बहुतेक विसरली जाते.

आणि हे सारे काही परदेशातून शिकायला हवे असे नाही. बेळगावात १८८८ साली लक्ष्मणराव किर्लोस्कर आणि त्यांचे बंधू रामूअण्णा यांनी सायकलींचे दुकान काढले. लक्ष्मणराव तेव्हा मुंबईत. ते सायकली पाठवत आणि रामूअण्णा येथे त्या विकत. सायकल ही त्या काळी अपूर्वाईची वस्तू, त्यामुळे विकणाऱ्यालाच ती चालवायलाही शिकवावी लागे. पुढे लक्ष्मणरावांनी कडबा कापायचे यंत्र आणि लोखंडी नांगर बनवला. लोखंडाने जमीन नासेल अशी शेतकऱ्यांना शंका होती, नांगर खपेना. यंत्र बनवणे एक आणि ते माणसाच्या हातात बसवणे दुसरे, हा धडा त्यांना येथेच मिळाला. १९१० साली किर्लोस्करवाडी उभी राहिली त्यामागे बेळगावची ही उमेदवारी होती.

सीएनसी आले, आता कशाला?

“आता सगळं सीएनसीवर होतं, बटण दाबायचं,” असे अनेकजण म्हणतात. उद्यमबागेत सीएनसी यंत्रे आली, हत्तरगीला विमानांचे सुटे भाग बनू लागले, हे खरे. चाके फिरवण्याचे कौशल्य तिथे फारसे लागत नाही. पण टूल झिजले की माप सरकते, काम सैल बांधले गेले की आवाज बदलतो, चिप गुंडाळली की पृष्ठभाग खराब होतो. हे संगणकाला नेहमीच कळते असे नाही.

लिझन बेनब्रिज या ब्रिटिश संशोधिकेने १९८३ सालीच हा पेच मांडला होता. यंत्र जितके स्वयंचलित, तितके सोपे काम यंत्राकडे जाते आणि माणसाकडे फक्त अवघड प्रसंग उरतात. पण रोजचा सराव सुटल्यामुळे नेमक्या त्या प्रसंगी हात आणि डोके गोंधळते. म्हणून साध्या लेथवर काही महिने घालवलेला मुलगा सीएनसीवर वेगळा उठून दिसतो. पडद्यावरचे आकडे त्याच्यासाठी नुसते आकडे नसतात. त्यांमागचे लोखंड त्याने हाताने कातलेले असते. माझा भाचा आज दुसऱ्या कारखान्यात सीएनसीवर आहे. त्याने मशीनवर मोबाईल बघायचा नाही असे ठरवले आहे. कारण विचारले तर म्हणतो, “आवाज चुकतो, मामा.”

चिंता वेगळीच आहे. काकांच्या पिढीचे टर्नर, फिटर, मोल्डर एकेक करून निवृत्त होत आहेत. त्यांचे ज्ञान कोणत्याही वहीत लिहिलेले नाही. ते अर्धे मराठी, अर्धे कानडी अशा बोलीत, ओरडण्यात, हाताच्या खुणांत आहे. त्यांच्याशेजारी दोन-तीन वर्षे टिकून उभा राहणारा मुलगा मिळाला तरच ते पुढे जाईल. मुले सहाव्या महिन्यात परत आली तर ते त्यांच्याबरोबरच संपेल.

घरच्यांसाठी चार गोष्टी

ज्यांच्या घरातला मुलगा किंवा मुलगी यंत्रावर शिकते आहे, त्यांना माझे सांगणे एवढेच.

पहिले, “किती पीस काढलेस” याऐवजी “आज नवीन काय कळले” असे विचारा. सांगता सांगता त्याचे त्यालाच उमगते.

दुसरे, चौथ्या-सहाव्या महिन्यात तो निराश झाला तर घाई करू नका. पगार, जिवाची सुरक्षितता किंवा अपमान हे कारण असेल तर कारखाना जरूर बदला. पण केवळ प्रगती थांबल्यासारखी वाटते म्हणून काम सोडू देऊ नका.

तिसरे, झोप. थकलेल्या हाताने केलेला सराव चुका पक्क्या करतो, आणि फिरत्या चकसमोर डुलकी परवडत नाही. रात्री उशिरापर्यंत मोबाईल बघणाऱ्या मुलाला हे प्रेमाने सांगा.

चौथे, घरात किंवा गल्लीत एखादा निवृत्त मेस्त्री असेल तर मुलाला त्याच्याकडे पाठवा. चहा द्या, बसवा, बोलते करा. कोणत्या भाषेत बोलतो ते बघू नका. ‘केळु’ हा शब्द दोन्ही कामांसाठी पुरेसा आहे : त्यांचे ऐकायचे आणि त्यांना विचारायचे.